आवाजांची सत्ता
(अभ्यासवर्गातील भाषण)



मजुरी किती मिळते एवढेच मोजले, तर मालक आणि मजूर यांचे नाते आकड्यांत दिसत नाही. जवळ कोणी नसताना ज्यांना बोलणे ऐकू येते, त्यांच्या बाबतीत मानसोपचाराने बराच काळ हेच केले. आवाज येतो की नाही, किती वेळा येतो, याची नोंद झाली. त्या आवाजाशी माणसाचे नाते काय, हे क्वचितच विचारले गेले.

ब्रिटनमधील पॉल चॅडविक आणि मॅक्स बर्चवुड यांनी १९९४ मध्ये या नात्याकडे लक्ष वेधले. आवाज सर्वशक्तिमान व दुष्ट वाटला, तर माणूस भयभीत होतो व प्रतिकार करतो. हितकर्ता वाटला, तर त्याच्याशी सख्य जोडतो. २००८ मध्ये मार्क हेवर्ड आणि सहकाऱ्यांनी २८ विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. आवाजाचे वर्चस्व, त्याची घुसखोरी, ऐकणाऱ्याचे परावलंबन आणि त्याने राखलेले अंतर, अशा चार बाजू तीत मोजल्या जातात.

यातला समाजवाद्यांच्या दृष्टीने मर्मभेदी निष्कर्ष बर्चवुड व सहकाऱ्यांनी २००० मध्येच मांडला होता. आवाजापुढे जो स्वतःला दुबळा मानतो, तो बहुधा भोवतालच्या माणसांपुढेही स्वतःला दुबळाच मानतो. बाहेरची उतरंड मनातही उभी राहते, असाच याचा अर्थ होतो.

टान्या लुहरमन आणि सहकाऱ्यांनी सॅन मॅटिओ, अक्रा आणि चेन्नई येथील प्रत्येकी २० रुग्णांशी संवाद साधला. अमेरिकेतील अनेकांना हिंसक आज्ञा ऐकू येत. चेन्नईतील अनेकांना नातलगांचे बोलणे, कामे सांगणारे वा रागावणारे, ऐकू येई. आजाराचे नाव एकच, पण आवाजांशी असलेली नाती निराळी.

यावर कोणी म्हणेल, औषध द्यावे, नात्याची चौकशी कशाला? औषध हवेच. पण औषधानंतरही अनेकांचा आवाज थांबत नाही. त्यांना त्याच्यासह जगायचे असते आणि त्याची आज्ञा मोडण्याचे बळ हवे असते.

२०१७ च्या कायद्याने मानसिक आरोग्यसेवा हा भारतात प्रत्येकाचा हक्क ठरवला. तो हक्क केवळ गोळ्यांच्या पाकिटात संपता कामा नये. सरकारी रुग्णालयात रुग्णाला ‘आवाज येतो का?’ या प्रश्नाबरोबर ‘त्याच्यापुढे तुमचे काही चालते का?’ हेही विचारले जावे, अशी मागणी कार्यकर्त्यांनी लावून धरावी. आणि ज्याचे घरात, कामावर, वस्तीत कुठेच काही चालत नाही, त्याला तिथेही मान मिळवून द्यावा. ते काम प्रश्नावलीचे नव्हे, चळवळीचे आहे.