सादरीकरणानंतरचे सहा महिने



या अध्यक्षीय भाषणात व्यवस्थापन शिक्षणाचा आढावा घेत बसत नाही. मला बोचणारी एकच गोष्ट मांडतो.

कोल्हापूरजवळच्या एका फौंड्रीत आमच्या वीकएंड बॅचचा पाच जणांचा गट सल्लागार म्हणून गेला होता. मालक म्हणाले, "माल वेळेवर जात नाही. नवीन मोल्डिंग मशीन घ्यायचं का, तेवढं सांगा." दोन शनिवार आकडेमोडीत गेले. तिसऱ्या शनिवारी गटातले बँक अधिकारी रात्रपाळीला थांबले. फेटलिंग झालेल्या, म्हणजे घासून साफ केलेल्या कास्टिंगची रास तपासणीच्या टेबलाजवळ नुसती पडून होती. "मामा, हे का थांबलंय?" त्यांनी तिथल्या कामगाराला विचारलं. "गेज कपाटात हाय, चावी सायबांकडं. सायेब सकाळी येत्यात."

स्ट्राँगरूमच्या चाव्या वर्षानुवर्षं सांभाळलेल्या माणसाला ते कुलूप लगेच दिसलं. रोज त्याच्यासमोरून जाणाऱ्यांना ते दिसेनासं झालं होतं.

व्यवस्थापन शिक्षणतज्ज्ञ रेग रेव्हन्स यांनी परक्या नजरेचं हे मोल फार आधी ओळखलं होतं. ब्रिटनच्या कोळसा खाणींत शिक्षणाचं काम पाहताना त्यांनी खाणींच्या मॅनेजरांना एकमेकांच्या अडचणी घेऊन एकत्र बसवलं. साठच्या दशकाच्या अखेरीस बेल्जियममध्ये तर एका उद्योगातला वरिष्ठ अधिकारी परक्या उद्योगातला अनोळखी प्रश्न सोडवायला पाठवला. मिशिगनच्या रॉस स्कूलमध्ये १९९२ पासून आणि एमआयटी स्लोनच्या 'जी-लॅब'मध्ये २००० पासून विद्यार्थ्यांचे गट खऱ्या कंपन्यांत जाऊन काम करतात, ते याच वाटेनं.

पण आमच्या गटाचं खरं शिक्षण कुलूप सापडल्यावर सुरू झालं. मालकांना सांगायचं कसं? दोघांचं म्हणणं, विचारलं ते मशीनचं, तेवढंच सांगू. केस स्टडीत उत्तर दिल्यानं कुणी दुखावत नाही. इथे ज्यांच्याकडे चावी, ते सुपरवायझर समोर बसलेले असणार. गट आधी त्यांनाच एकटं भेटला. तेव्हा कळलं, पूर्वी एक गेज हरवलं होतं आणि जाब त्यांना द्यावा लागला होता. म्हणून कुलूप. मग रात्रपाळीसाठी दुसरी चावी आणि घेतल्या-दिल्याची नोंदवही, असा तोडगा त्यांच्यासोबतच ठरला. कुणालाही खाली पाहायला न लावता सुचवलेला तो उपाय मला आजही त्या गटाची सर्वांत मोठी कमाई वाटते.

सादरीकरण उत्तम झालं. मालक खूश, आम्ही गुण दिले, बॅच पदवी घेऊन गेली.

सहा महिन्यांनी मी दुसऱ्या कामासाठी तिथे गेलो. नोंदवहीची पहिली दहा-बारा पानं भरलेली, पुढची कोरी. एक गेज पडून वाकलं होतं आणि चावी पुन्हा साहेबांच्या खिशात गेली होती. मधल्या काळात आमच्यातलं कुणीही, मीसुद्धा, तिकडे फिरकलं नव्हतं. गेजसाठी खाचा असलेली लाकडी पेटी करून द्या, एवढं सांगायला कुणी हवं होतं.

म्हणून माझी विनंती आहे, प्रकल्पाचे निम्मे गुण राखून ठेवा. सहा महिन्यांनी गट पुन्हा त्याच शॉप फ्लोअरवर जाऊ दे, शिक्षकही सोबत जाऊ देत, आणि मामांना विचारून मगच ते गुण भरा. वेळापत्रक विस्कटेल, परीक्षा विभाग कुरकुरेल, याची मला पूर्ण कल्पना आहे. तरीही हा ठराव आज दुपारच्या सत्रात मी स्वतः मांडणार आहे.