ससा म्हणजे नुसतं सूप

घरात ससा पाळणाऱ्यांना आधी एकच सांगून टाकते: कुत्र्याचं पिसवांचं औषध सशाला लावू नका.

दवाखान्यात माणसं सांगतात, "डॉक्टर, घरात होतंच, दोनच थेंब टाकले मानेवर." दोनच! त्यात फिप्रोनिल असेल, तर कुत्र्याला चालणाऱ्या त्याच थेंबांनी सशाचं खाणं सुटतं, झटके येतात, जीवही जातो. पिसवांचे पट्टेसुद्धा नकोत.

पिसवांची खात्री करायचीय? बारीक दातांची फणी, आपली उवांची चालेल, मानेमागे आणि शेपटीच्या बुडाशी फिरवा. काळी कणी निघाली तर ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवा. तांबूस डाग पसरला, की ती पिसवेची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्तच.

"पण आमचा ससा उंबरठासुद्धा ओलांडत नाही हो!" मान्य. तुमची मांजर ओलांडते ना? घरातल्या सशावर सापडते ती बहुतेकदा मांजरांवरचीच पिसू.

तांदळाला टोके लागले, तर सुपात दिसले तेवढे वेचून तांदूळ परत त्याच डब्यात भरता का? डबा रिकामा करता, ऊन देता, फळीवरचा भुगा पुसता, शेजारचा रव्याचा डबाही उघडून बघता. ससा म्हणजे नुसतं सूप. डबा म्हणजे तुमचं घर! अंगावर दिसतात त्या पिसवा थोड्या. अंडी घरंगळून सतरंजीत, सोफ्याच्या खाचांत, फरशीच्या फटींत पडतात. कोषातली पिसू तर महिनोन्महिने दबा धरून बसते. म्हणून सशाचं अंथरूण गरम पाण्यात धुवा, फटीफटीतून रोज केर काढा आणि मांजरीवरही उपचार करा. आठवडाभर केलं, झालं, असं नाही. रव्याच्या डब्यातून टोके पुन्हा तांदळात येतातच.

अंथरूण धुवा म्हटलं, ससा नव्हे. भिजला की तो गारठतो, भेदरतो, त्या धक्क्याने दगावूही शकतो.

औषध लागलंच तर सेलामेक्टिन किंवा इमिडाक्लोप्रिड सशाला देतात, पण मात्रा त्याच्या वजनावर ठरते, तीही पशुवैद्यांनी ठरवायची. अंदाजाने थेंब मोजू नका. कडुनिंबाच्या तेलाबद्दल बरेच जण विचारतात. त्याचं असं आहे, की... स्टुडिओच्या काचेपलीकडून खुणा चालल्यायत, वेळ संपली. ते पुढच्या खेपेस.

तेवढी कपाटातली कुत्र्याच्या औषधाची नळी आजच उचलून वेगळ्या खणात ठेवा.