पैशाअडक्याचे इंग्रजी शब्द



इंग्रजी शब्द कानीं पडला कीं आपला शेतकरी, सुतार, कुंभार दबून जातो. ही शहाण्यांची भाषा, आपलें यांत काय काम, असें त्यास वाटतें. म्हणून आज आम्ही असे चार-पांच शब्द फोडून दाखवणार आहों.

'कॅपिटल' म्हणजे भांडवल. याचें मूळ लॅटिन 'कापुत', म्हणजे डोकें. त्याच मुळापासून 'कॅटल' म्हणजे गुरें हा शब्द निघाला. रोमन लोक गुरांस 'पेकुस' म्हणत आणि पैशास 'पेकुनिया'. आपणही गोधन म्हणतोंच. तात्पर्य, धनाचा जन्म पेढीवर झाला नाहीं; गोठ्यांत झाला.

'वेल्थ' म्हणजे संपत्ति. पण पूर्वीं त्याचा अर्थ कुशल, कल्याण असा होता. 'प्रॉफिट' म्हणजे नफा. त्याचें मूळ पुढें जाणें, प्रगति होणें. मग एकाच्या नफ्यानें दहा घरें मागें पडत असतील, तर त्यास प्रॉफिट कसें म्हणावें?

'लूट' हा शब्द मात्र आपल्याकडचा. कंपनीच्या काळांत तो इंग्रजींत गेला. माल गेला, त्याबरोबर शब्दही गेला!

आतां 'मॉर्गेज', म्हणजे गहाण. जुन्या फ्रेंचमध्यें याचा अर्थ 'मेलेलें तारण'. इंग्रज कायदेपंडित एडवर्ड कोक यानें १६२८ सालीं याचा उलगडा केला: कर्ज न फिटल्यास जमीन ऋणकोस मेली, फिटल्यास गहाण धनकोस मेलें. आणि आपलें 'व्याज'? संस्कृतांत व्याज म्हणजे कपट, निमित्त. म्हणून तर निष्कपट प्रेमास आपण निर्व्याज म्हणतों.

१२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांच्या वह्या व कर्जरोखे जाळले. पुढें १८७९ सालीं सरकारास शेतकऱ्यांच्या कर्जासाठीं कायदा करावा लागला. पण अंगठ्यावर काय लिहिलें आहे हें त्यांतील बहुतेकांस वाचतां येत नव्हतें, हें खरें दुखणें. कागद जाळून कर्जाचा एक कागद जातो. वाचावयास शिकल्यानें पुढचा कागद फसवूं शकत नाहीं.

आजही कर्जाच्या कागदांत हेच शब्द भेटतात. तेव्हां सही करण्यापूर्वीं प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारा. विचारण्यांत कमीपणा नाहीं. आणि मुलाबरोबर मुलीलाही शाळेंत धाडा. घरांतला कागद उद्यां तीच वाचून दाखवील.