कणझोताची यंत्रे आणि इंदूरची तपश्चर्या
(एका व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित पाठ)



भारतात कणझोताच्या यंत्राचा इतिहास सुरू होतो तोच एका बुडालेल्या जहाजापासून. देश पारतंत्र्यात असताना डॉ. मेघनाद साहा यांनी कोलकात्यात सायक्लोट्रॉन उभारण्याचा ध्यास घेतला. त्यांचे शिष्य बी. डी. नागचौधुरी अमेरिकेत बर्कले येथे या यंत्राचे जनक अर्नेस्ट लॉरेन्स यांच्याकडे शिकून आले. काही भाग येऊन पोहोचले. पण निर्वात पंप घेऊन येणारे जहाज दुसऱ्या महायुद्धात बुडाले. चुंबक होते, बुद्धी होती, जिद्द होती. एक पंप नव्हता, म्हणून यंत्र नव्हते. त्यानंतर ते पूर्णत्वास जाण्यात वर्षानुवर्षे गेली.

परावलंबन म्हणजे काय, हे याहून स्पष्ट कसे सांगावे?

कणझोताचे यंत्र हे एक यंत्र नव्हेच. ती अनेक शास्त्रांची एकत्र कुटुंबपद्धती आहे. इलेक्ट्रॉनसारखा कण निर्माण करायचा, विद्युतक्षेत्राने त्याला वेग द्यायचा, चुंबकांनी वळवायचा, आवळायचा आणि हवेचा एखादा रेणूही वाटेत आडवा येऊ नये अशी पोकळी राखायची. यातील एक घटक रुसला की सारे घर बंद.

इंदूरला १९८४ मध्ये प्रगत तंत्रज्ञान केंद्राची कोनशिला बसली. डॉ. दिलीप भवाळकर त्याचे संस्थापक संचालक. पुढे २००५ मध्ये या केंद्राला डॉ. राजा रामण्णा यांचे नाव देण्यात आले. तेथे १९९९ मध्ये ‘इंडस-१’ आणि २००५ मध्ये ‘इंडस-२’ ही वर्तुळाकार यंत्रे कार्यान्वित झाली. ‘इंडस-२’चा परिघ सुमारे १७२ मीटर, म्हणजे एखाद्या शाळेच्या मैदानाएवढा. त्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने, सेकंदाला सुमारे १७ लाख फेऱ्या मारतात. दहा तास झोत टिकवायचा तर प्रत्येक इलेक्ट्रॉनचा प्रवास हजार कोटी किलोमीटरांच्या पुढे जातो. सूर्यापासून नेपच्यूनपर्यंतच्या अंतराच्या दुपटीहून अधिक! एवढ्या वाटचालीत त्याने नळीच्या भिंतीला स्पर्श करायचा नाही. त्यासाठी १६ चुंबक त्याला वळवतात, ७२ चुंबक त्याला आवळून धरतात, ३२ चुंबक वेगातील बारीक फरकांमुळे होणारे विचलन सुधारतात. नळीतील हवेचा दाब बाहेरच्या दाबाच्या लाख कोटीव्या हिश्शापर्यंत उतरवावा लागतो. संकल्पना करणाऱ्याची खरी कसोटी इथे असते. कागदावर चुंबक आखणे सोपे. पण ते सारे एकसारखे घडवणे, त्यांचे क्षेत्र मोजणे आणि केसाच्या जाडीहूनही सूक्ष्म अचूकतेने रांगेत बसवणे हे काम वर्षांचे असते.

वळताना इलेक्ट्रॉन प्रकाश फेकतात. क्ष-किरणांपर्यंतचा हा प्रखर प्रकाश म्हणजेच संशोधकांना हवे असलेले फळ. प्रथिनांची रचना, मिश्रधातूंचे अंतरंग, पातळ थरांची घडण त्यातून उलगडते. परंतु प्रत्येक फेरीत ऊर्जा खर्ची पडते आणि ती रेडिओ लहरींनी भरून काढावी लागते. त्यासाठी प्रारंभी परदेशी क्लायस्ट्रॉन नलिका वापरल्या. पुढे त्या मिळणे अवघड होऊ लागले. इंदूरच्या अभियंत्यांनी तेव्हा निराळा मार्ग धरला. एका मोठ्या नलिकेऐवजी ट्रान्झिस्टरांचे शेकडो छोटे प्रवर्धक घडवून त्यांची शक्ती एकत्र केली. एखादा बिघडला तरी बाकीचे काम करत राहतात, झोत तुटत नाही. अडचणीतून निघालेली ही वाट अधिक भरवशाची ठरली.

या कौशल्याची पारख जगानेही केली. जिनिव्हाच्या ‘सर्न’ प्रयोगशाळेतील २७ किलोमीटर परिघाच्या महायंत्रासाठी भारताने अतिवाहक सुधारक चुंबक दिले, तसेच ७,०८० सूक्ष्म-समायोजक आधारही. १५ मीटर लांबीचा, सुमारे ३५ टनांचा चुंबक असे तीन आधार पेलतात आणि मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतक्या अचूकतेने तो जागच्या जागी सरकवता येतो. ‘सर्न’च्या प्रांगणात २००४ मध्ये बसविलेल्या नटराजाच्या मूर्तीची छायाचित्रे आपण कौतुकाने पाहतो, जमिनीखाली ते ओझे पेलणाऱ्या आधारांचे छायाचित्र कितीजणांच्या घरी आहे?

अर्थात, सर्वत्र यशच आले असे नाही. कोलकात्यात १९७७ मध्ये स्वदेशी बनावटीच्या सायक्लोट्रॉनने झोत दिला. त्यापुढच्या अतिवाहक सायक्लोट्रॉनमध्ये २००९ साली झोत आत फिरला. पण तो बाहेर काढताना चुंबकीय क्षेत्रातील बारीक दोष आड आला आणि तो शोधून दूर करण्यात अनेक वर्षे गेली. अशी वर्षे वाया गेली म्हणणाऱ्याला यंत्र विकत घेण्याचीच सवय असावी.

कणझोताचा दुसरा उपयोग कारखान्यात. विजेच्या तारेवरील पॉलिथिलीनचे आवरण तापले की वितळते. त्यावर इलेक्ट्रॉन झोत सोडला की रेणूंच्या साखळ्यांतील हायड्रोजन निखळतो, शेजारच्या साखळ्या एकमेकींशी जोडल्या जातात आणि आवरण उष्णतेला दाद देत नाही. नवी मुंबईत वाशी येथे अशा झोताने तारांवर प्रक्रिया करण्याचे काम झाले. खारघरच्या इलेक्ट्रॉन झोत केंद्रात भाभा अणुसंशोधन केंद्राने स्वतः घडविलेली यंत्रे उभी आहेत. अशा यंत्रात झोत पोकळीतून हवेत येतो तो टायटॅनियमच्या अत्यंत पातळ पत्र्यातून. एकाच जागी पडला तर पत्रा जळेल. म्हणून अंगणात केरसुणी फिरवावी तसा तो चुंबकाने सतत इकडून तिकडे फिरवतात.

लासलगावला कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून २००२ पासून किरण दिले जातात ते कोबाल्टचे. तिथे इलेक्ट्रॉन का नकोत, असा प्रश्न कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. १० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचा झोत पाण्यासारख्या पदार्थात जेमतेम पाच सेंटिमीटर शिरतो. गॅमा किरण भरलेली पेटी भेदून जातात. याउलट कोबाल्ट रात्रंदिवस क्षीण होत राहतो, नवा आणावा लागतो; झोत मात्र कळ दाबताच बंद. ज्याचे जे काम, त्याला ते साधन. खाद्यपदार्थांसाठी इलेक्ट्रॉन झोताला १० दशलक्ष व्होल्टची मर्यादा ठेवली आहे, तीही पदार्थात किरणोत्सार निर्माण होऊ नये म्हणूनच.

इंदूरच्या देवी अहिल्याबाई होळकर फळ-भाजी बाजाराच्या आवारात केंद्राने स्वतः रचलेले दोन रेषीय त्वरक बसविले आहेत. शल्यक्रियेची साधने खोक्यात बंद करून पट्ट्यावरून झोताखालून सरकतात आणि निर्जंतुक होऊन बाहेर पडतात. खोके उघडावे लागत नाही. बाजूलाच मंडईत भाजीच्या गाड्या रिकाम्या होत असतात.