मर्ढेकरांची कविता आणि पहिल्या वर्षाचा वर्ग



बा. सी. मर्ढेकर यांची पिपात मरून पडलेल्या उंदरांवरील कविता १९४६ साली 'अभिरुची' मासिकात प्रसिद्ध झाली, तेव्हा जाणते वाचकही बिचकले. हे मासिक बडोद्याहून निघत असे; मराठी नवकवितेचे एक ठळक पान महाराष्ट्राबाहेर उघडले गेले, ही बृहन्महाराष्ट्राला अभिमानाची गोष्ट होय. तथापि जी कविता जाणत्यांना पेलली नाही, ती महाविद्यालयात नुकत्याच आलेल्या मुलांना कशी शिकवावी?

रूढ पद्धत सोपी आहे. उंदीर म्हणजे यंत्रयुगात चिरडलेला माणूस, असे शिक्षक सांगतो. विद्यार्थी ते वहीत उतरवतो आणि परीक्षेत गुण मिळवतो. कविता मात्र त्याच्या वाट्याला येतच नाही. कविता हे कोडे आणि त्याचे उत्तर गाइडात, एवढीच समजूत त्याच्यापाशी उरते. ज्याची मराठी घराच्या उंबरठ्याआतच वावरते, त्या मुलाची मराठी कवितेशी ही कदाचित अखेरची भेट असते.

वाट मर्ढेकरांनीच ठेवली आहे. 'काही कविता' (१९४७) या संग्रहात त्यांनी अभंग-ओवीचे जुने साचे वापरले. घरी हरिपाठ ऐकलेल्या मुलाच्या कानाला ते परके नाहीत. म्हणून पहिला तास केवळ मोठ्याने वाचण्यास द्यावा. उंदरांच्या कवितेपाशी आल्यावर अर्थ न विचारता, डोळ्यांपुढे काय दिसते, एवढेच विचारावे. मग प्रश्न टाकावा : इतके किळसवाणे दृश्य इतक्या हळुवार लयीत का? या विसंगतीपाशी वर्ग थबकला की कविता सुरू होते. १९४५ साली संपलेले महायुद्ध, गिरण्यांची मुंबई, गर्दीत हरवलेला माणूस, हे सारे त्यानंतर सांगावे. आधी सांगितल्यास कविता त्या माहितीचे उदाहरण होऊन बसते.

अशाने अभ्यासक्रम पुरा होत नाही, ही तक्रार खरी आहे. परीक्षेला ठरीव उत्तर हवे असते, हेही खरे. परंतु दोन कविता अशा वाचल्या गेल्या, तर तिसरी विद्यार्थी स्वतः उघडू शकतो. दहा कवितांचे सारांश पाठ करून ते बळ येत नाही.

'कविता पुरती कळली नाही, पण विसरताही येत नाही,' असे एखाद्या विद्यार्थ्याला वाटले, तर शिक्षकाने अध्यापन सफल मानावे. असा विद्यार्थी पुढे आपल्या पायांनी ग्रंथालयाची पायरी चढतो. त्याच्यासाठी कपाटात मर्ढेकर असले पाहिजेत, आणि कपाट उघडे असले पाहिजे.