रस्ता कुणाच्या सातबाऱ्यावरून जातो?

(युवक शिबिरात केलेलं भाषण)



मला इथं कवी म्हणून बोलावलंय. पण आज कविता म्हणणार नाही. मी गोदीत डबे बांधतो. जहाजावर एकावर एक रचलेले कंटेनर लोखंडी सळयांनी आवळायचे, त्याला लॅशिंग म्हणतात. शिक्षण दहावी. तेव्हा माझ्याकडून अर्थशास्त्र ऐकायला मिळणार नाही. हिशेब ऐकायला मिळेल. मुकादमानं हप्त्याला किती कापले ते मोजता मोजता हिशेब आपल्याला आपोआप येतो.

पहिला हिशेब रुंदीचा. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर लांब. सपाट भागात त्याची रुंदी १२० मीटर. म्हणजे एक किलोमीटर रस्त्याखाली १२ हेक्टर, जवळजवळ तीस एकर जमीन. आता ढोबळ गुणाकार करा. आठ हजार हेक्टरांच्या वर जातो. दहा जिल्हे, ३९२ गावं. नागपूर ते शिर्डी हा पहिला तुकडा ११ डिसेंबर २०२२ ला उघडला, इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ५ जून २०२५ ला. त्यावर दुचाकीला बंदी, रिक्षाला बंदी. बैलगाडीची तर बातच सोडा. दोन्ही बाजूंनी कुंपण. ज्यांच्या शिवारातून रस्ता गेला त्यांनी तो पुलाखालून बघायचा.

मी रस्त्याच्या विरुद्ध आहे असं कुणी समजू नये. रस्ता नव्हता म्हणून बाळंतीण बाजेवरून नेलेली माणसं आपलीच आहेत. मी ज्या डब्यांना सळया आवळतो ते डबे याच रस्त्यांनी येतात. त्यातला कापूस, सोयाबीनची पेंड, सगळं कुठल्या तरी रानातनं आलेलं असतं. रस्त्याचं शेवटचं टोक म्हणजे माझा हात. म्हणून मला दुसऱ्या टोकाला काय झालं ते विचारायचा हक्क आहे.

दुसरं टोक म्हणजे शेत. आणि शेतावर एकटा शेतकरी नसतो. वर्तमानपत्रवाले लिहितात, ‘शेतकऱ्यांची जमीन गेली’, ‘शेतकऱ्यांना कोट्यवधी मिळाले’. एका वाक्यात सगळं गाव उरकतात. गावात पाटलाचा सातबारा असतो. त्याच्या रानात गुढीपाडव्याला साल ठरवून राबणारा सालगडी असतो. बटईनं, ठोक्यानं दुसऱ्याचं रान करणारा असतो. निंदायला, वेचायला जाणाऱ्या बाया असतात. गायरानाचा तुकडा वाहणारा आपला माणूस असतो. रस्ता या सगळ्यांच्या अंगावरून जातो, पैसा मात्र कागदावरून जातो. कागदावर नाव कुणाचं?

समृद्धीच्या वेळी २०१६ ला सरकारनं आधी भू-संचय काढला. जमीन द्या, बदल्यात विकसित प्लॉट घ्या. गावोगावचे शेतकरी बिथरले, मोजणीवाल्यांना शिवारात येऊ देईनात. मग २०१७ पासून थेट खरेदी सुरू झाली. कायद्याप्रमाणे जो मोबदला होईल त्यावर २५ टक्के जादा. सातबारावाला लढला म्हणून भाव वाढला, हे मान्य करायला पाहिजे. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

पण ही थेट खरेदी नीट बघा. २०१३ चा भूसंपादन कायदा आहे. त्यात ‘बाधित कुटुंब’ म्हणजे कोण याची व्याख्या आहे, आणि आपल्यापैकी किती जणांनी ती वाचलीय? नुसता मालक नाही. तिथं तीन वर्षं राबून पोट भरणारा शेतमजूर, कूळ, वाटेकरी, कारागीर हे सगळे त्यात बसतात. हे दिल्लीच्या संसदेनं छापलेलं आहे, मी पदरचं सांगत नाही. आता थेट खरेदी म्हणजे काय? खरेदीखत. एक विकणारा, एक घेणारा, दोन साक्षीदार. या दस्तात सालगड्याची जागा कुठं आहे? वेचणीच्या बाईचा अंगठा कुठं घेणार? दुय्यम निबंधकाच्या टेबलावर ती उभीच राहू शकत नाही. कायदा रद्द करायला लागत नाही मित्रांनो. बाजूनं दुसरी वाट काढली की तो नुसता कागद म्हणून शिल्लक राहतो.

आता गायरान.

आपल्या बापजाद्यांना जमीन म्हणून मिळालं ते महारकीचं वतन. वतन कसलं, गळ्यातला साखळदंड. बाबासाहेबांनी १९२८ ला मुंबई कौन्सिलात ते मोडायला बिल आणलं. प्रत्यक्षात वतनं मोडली १९५८ च्या कायद्यानं, म्हणजे बाबासाहेब गेल्यावर. आणि मोडून जी जमीन परत दिली ती नव्या शर्तीवर. विकायची तर कलेक्टरची परवानगी, वर नजराणा. आपली जमीन आपल्याला मिळाली तीसुद्धा अर्धी सरकारच्या मुठीत.

ज्यांना वतनातलंही काही आलं नाही, ते गायरानावर गेले. १९५९ ला दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. १९६४ ला तो देशभर पेटला, लाखो माणसं तुरुंगात गेली. मागणी काय, तर पडीक जमीन कसायला द्या. मग १९७८ ला सरकारी निर्णय झाला, १९९१ ला झाला. १४ एप्रिल १९९० पर्यंत जे दलित-आदिवासी भूमिहीन अशी जमीन वहीत होते त्यांचं अतिक्रमण नियमित करायचं, असं ठरलं. ठरलं! किती जणांच्या हातात सातबारा आला ते आपापल्या वस्तीत विचारा. बाकीच्यांची नावं अजून तलाठ्याच्या एका वहीत झोपलेली आहेत. गाव नमुना १-ई. अतिक्रमणाची नोंदवही. पाटलाच्या आज्यानं ओढा दाबला तर ती वहिवाट, आपल्या आज्यानं खडक फोडून ज्वारी पिकवली तर ते अतिक्रमण.

२०११ ला सर्वोच्च न्यायालयानं गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढा म्हणून निकाल दिला. तो मुळात दांडग्यांनी गावतळी बळकावली त्या प्रकरणातला. २०२२ ला मुंबई उच्च न्यायालयात गायरानांचा विषय निघाला आणि राज्यभर नोटिसा फिरल्या. त्या पहिल्यांदा कुणाच्या दारावर चिकटल्या? वस्तीच्या.

आमच्या शिवारातूनही एक रस्ता गेलाय. कुठला ते सांगत नाही, सगळे सारखेच. माझी आजी गायरानातले तीन एकर पन्नास वर्षं करत होती. मूळचा नुसता मुरूम. डोक्यावरनं गाळ वाहून तिनं त्याची माती केली. रस्त्याला भराव लागतो. भरावाला मुरूम लागतो. मुरूम घ्यायचा कुठनं? जिथं विचारायला कुणी नाही तिथनं. ठेकेदाराची पोकलेन आली, आजीनं गाळ घालून केलेली माती खरवडून बाजूला लोटली आणि खालचा मुरूम काढून नेला. मोजणीवाला म्हणाला, “बाई, तुमच्या नावावर काय हाय?” आजी म्हणाली, “माज्या नावावर माजी पाठ हाय, बघ.” तो हसला. आजी हसली नाही. आज तिथं वीस फूट खड्डा आहे आणि पावसाळ्यात पाणी साचतं. दोन वर्षांपूर्वी त्यात एक म्हैस बुडाली. म्हशीचा पंचनामा झाला, कारण म्हशीला मालक होता.

पैसा आला तेव्हा गावात काय झालं तेही सांगतो. सातबारावाल्यांतल्या हुशारांनी पैशातनं दुसरीकडं रान घेतलं, त्यामुळं आसपासच्या रानाचे भाव चढले. पूर्वी चार वर्षं ऊसतोड करून आपल्यातला एखादा एकरभर घेऊ शकायचा, ती वाट कायमची बुजली. बाकीच्यांनी गाड्या घेतल्या, लग्नं केली, भावाभावांत कोर्टकज्जे लागले. मी त्यांची टर उडवत नाही. ज्याची जमीन गेली त्याला रात्री झोप लागत नाही, हे मी पाहिलंय. पण त्याच्याकडं झोप न येण्यापुरती गादी होती. सालगड्याचं साल पाडव्याला ठरलंच नाही. बाया पूर्वी कापूस वेचायला बांधावरनं जायच्या, आता बोगद्यातनं वळसा घालून पलीकडच्या गावात जातात. रस्त्यावर काम मिळेल म्हणाले होते. मिळालं. मशीन परप्रांतातनं आलं, मशीनवाला मशीनबरोबर आला, आमच्या पोरांना मिळालं लाल झेंडी घेऊन उन्हात उभं राहायचं काम, तेही आठ महिने. पोरं मग मुंबईला आली. मीही त्यातलाच एक.

शहराकडं या, तिथं तर हाच खेळ मोठ्या आकड्यांत चालतो. नवी मुंबईसाठी १९७० पासून ठाणे-रायगडमधली ९५ गावं घेतली. भातशेती, मिठागरं. जानेवारी १९८४ ला उरणच्या बाजूला जासईजवळ शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, दोन दिवसांत पाच माणसं मेली. त्या रक्तातून दि. बा. पाटलांच्या लोकांनी साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क मिळवला. मला हा लढा फार मोठा वाटतो. आगरी-कोळी माणसानं सरकारला टक्केवारी शिकवली. त्याच किनाऱ्यावर १९८९ ला न्हावाशेवा बंदर चालू झालं. पण साडेबारा टक्के कशाचे, तर जमिनीचे. ज्याची जास्त गेली त्याचा प्लॉट मोठा. मिठागरात गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभं राहून ज्याचे पाय गेले, त्या पायांची टक्केवारी काढायची फूटपट्टी कुठल्याच कायद्यात नाही.

आणि पुण्याचं मुंढवा. २०२५ च्या नोव्हेंबरात सगळ्यांनी वाचलं. साधारण ४० एकर महार वतनाची जमीन, सरकारच्या नावावर असलेली. तिचा ३०० कोटींचा दस्त होतो, मुद्रांक शुल्क माफ होतं. बोंब झाल्यावर मग चौकशी. वतन म्हणजे गुलामी होती तेव्हा ते आपलं होतं. शहर वाढत वाढत त्या जमिनीला येऊन भिडलं, तेव्हा तिला वारस सोडून सगळे फुटले.

आता पुढचं. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्ग. मूळ आराखड्यात आठशे किलोमीटरच्या वर लांबी, १२ जिल्हे. जून २०२५ ला मंत्रिमंडळानं मान्यता देऊन २० हजार कोटींच्या वर रक्कम मंजूर केली. कोल्हापूर-सांगलीकडं ऊस-द्राक्षवाले बागायतदार रस्त्यावर उतरले. मराठवाड्यातही बैठका झाल्या. आपल्याला निरोप येतात, “तुम्ही पण या, सगळे शेतकरी एक.” जायचं का, असं काल इथं दोघा-तिघांनी विचारलं.

माझं म्हणणं, जायचं. बागायतदार बुडावा म्हणून आपण हात चोळत बसलो तर त्याच्या रानातली आपली आईसुद्धा बुडते. पण सतरंज्या अंथरायला जायचं नाही. स्टेजवर जायचं आणि माईक हातात घेऊन विचारायचं: बाधितांच्या यादीत मजुरांची नावं घालायला तुमचा पाठिंबा आहे का? गायरानाच्या ठरावावर ग्रामसभेत तुम्ही हात वर करणार का? की तिथं तुम्हाला एकदम गाईचं प्रेम आठवतं? उत्तर सभेत घ्यायचं, चहाच्या टपरीवर नाही.

आणि त्यांच्या उत्तराची वाट बघत बसायचं नाही. दगड रोवायला माणसं येतील तेव्हा उशीर झालेला असतो. प्रत्येक शाखेनं आपल्या गावचा १-ई चा उतारा काढा. तलाठी नाही म्हणाला तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा, दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्याला तेवढेही लागत नाहीत. जुन्या दंडाच्या पावत्या आजीच्या ट्रंकेत असतात. दंड भरला म्हणजे आपण तिथं होतो, सरकारनंच लिहून दिलंय. त्या पावत्यांचे फोटो काढा. सालगड्याचं साल कुणाकडं किती वर्षं होतं ते लिहा, खाली दोन सह्या घ्या. बाया कुणाच्या रानात जातात ते बायांकडूनच लिहून घ्या, गड्यांना ते माहीत नसतं. संयुक्त मोजणी होईल त्या दिवशी वस्तीतलं कुणीही कामाला जायचं नाही, सगळे शिवारात.

अर्जाचा नमुना मी लिहून आणलाय. पंचवीस प्रती आहेत. कमी पडल्या तर हातानं उतरवून घ्या. माझी रात्रपाळी आहे, मला आठच्या गाडीनं निघायचंय. ज्यांच्या गावावरून नकाशातली रेघ जाते त्यांनी जेवायच्या आधी माझ्याजवळ बसा.

जय भीम.