शिवाजीनगर ते चांदोली : शरदातील एका प्रवासाची आखणी

(मंडळाच्या सभासदांपुढे शिवाजीनगर येथे सहलसमितीच्या वतीने केलेले भाषण)



बंगळूरहून कोल्हापूर राजमार्गाने सहाशे किलोमीटरांच्या आसपास आहे. आपल्यापैकी बहुतेक कुटुंबे हे अंतर रात्रीच्या बसने, झोपेत काटतात. चित्रदुर्ग, हावेरी, धारवाड ही आपल्या मुलांच्या लेखी गावे नव्हेतच. ती पहाटेच्या अंधुक उजेडात दिसलेल्या पाट्यांची नावे आहेत. त्या साऱ्या वाटेवर डाव्या हाताला, काही तासांच्या अंतरावर, सह्याद्री आपल्या बरोबरीने उत्तरेकडे येत असतो आणि आपण खिडकीचा पडदा ओढून घेतलेला असतो. २०२६ च्या शरदात गावी जायचे ते सह्याद्रीच्या अंगावरून, त्याच्या राष्ट्रीय उद्यानांतून मुक्काम करीत जावे, असे समितीने योजिले आहे. अंतर दुपटीहून अधिक होईल. बारा कुटुंबे, सहा मोटारी आणि तेरा दिवस असा हा बेत आहे.

आपल्या मंडळींना या मुलखाचा अरण्याशी असलेला संबंध नवा नाही. १६३८ मध्ये विजापूरकरांनी बंगळूर घेतले व ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे यांनी उभारलेले मल्लेश्वरमचे देऊळ आजही ‘काडु मल्लेश्वर’ म्हणून ओळखले जाते. कन्नडमध्ये काडु म्हणजे रान. आज त्या देवळाभोवती रहदारीचे रान माजले आहे ही गोष्ट वेगळी.

प्रथम काळाचा प्रश्न घेऊ. कारण समितीच्या तीन बैठका त्यातच गेल्या. कर्नाटकातील शाळांना मोठी सुटी दसऱ्याची, महाराष्ट्रातील शाळांना दिवाळीची. म्हणजे आपली मुले मोकळी असतात तेव्हा गावाकडची चुलत-मावस भावंडे परीक्षेच्या पुस्तकांत, आणि ती मोकळी होतात तोवर आपली पुन्हा वर्गात. ही अडचण आपण वर्षानुवर्षे सोसत आहोत. तिच्यात दुसरी मिसळली : चांदोलीचे उद्यान पावसाळ्यात पर्यटकांना बंद असते आणि साधारणतः ऑक्टोबरच्या मध्यानंतर उघडते. २०२५ साली दसरा २ ऑक्टोबरला आला. त्या वर्षी हा बेत आखला असता तर आपण बंद दारापुढे उभे राहिलो असतो. २०२६ साली अधिक ज्येष्ठ आल्याने दसरा २० ऑक्टोबरला आहे. पंचांगाने दिलेली ही सवड आता दोन-तीन वर्षे मिळणार नाही. म्हणून १० ऑक्टोबर, शनिवारी पहाटे निघावे आणि दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकावे, असे ठरले. दक्षिणेकडे त्या सुमारास परतीचा पाऊस दुपारनंतर गाठतो. आपण वर जाऊ तसतसे आकाश निवळत जाईल.

शरदातील अरण्याविषयी एक गोष्ट आजच स्पष्ट केलेली बरी. या ऋतूत वाघ दिसण्याचा भरवसा कोणी धरू नये. पाणवठे तुडुंब, गवत पुरुषभर उंच. जनावराला उघड्यावर येण्याचे कारणच नसते. कबिनीच्या जलाशयाकाठी हत्तींचे जे मोठे कळप जमतात ते उन्हाळ्यात. ज्यांना वाघाचे छायाचित्र हवे असेल त्यांनी एप्रिलात यावे. आपल्याला मिळेल ते धुतलेले हिरवे रान, भरलेल्या नद्या आणि जळवा. जळवांकरिता प्रत्येकाने लांब मोजे व मिठाची पुरचुंडी जवळ ठेवावी. शिमोगा भागातील माकडतापाबद्दल काही मातांनी विचारणा केली आहे. १९५७ साली सोरब तालुक्यातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम आढळलेला हा रोग गोचिडांमुळे पसरतो. त्याचा जोर डिसेंबरनंतर, उन्हाळ्यापर्यंत असतो. तरी अंगभर कपडे असावेत.

पहिला मुक्काम बंदीपूर. १९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ अरण्यांपैकी हे एक. त्यातून जाणाऱ्या राजमार्गांवर २००९ पासून रात्री नऊ ते सकाळी सहा वाहतूक बंद असते. रस्त्यावर मरणाऱ्या प्राण्यांची संख्या पाहून जिल्हाधिकाऱ्यांनी घातलेली ही बंदी पुढे उच्च न्यायालयानेही उचलून धरली. तेव्हा म्हैसुरात दसऱ्याची रोषणाई पाहून मग निघू, हा काही तरुण सभासदांचा विचार समितीने मोडून काढला आहे. बंदीपूरहून उटी जवळच आहे, तेथे का जाऊ नये, असेही विचारले गेले. उटीस २०२४ च्या मेपासून वाहनांना आगाऊ परवाना घ्यावा लागतो. पण खरे कारण ते नव्हे. उटी आपण सर्वांनी पाहिली आहे, पुष्कळांनी दोनदा.

तेथून नागरहोळे. नागर म्हणजे सर्प आणि होळे म्हणजे नदी. सर्पासारखी वळणे घेणाऱ्या ओढ्यावरून हे नाव पडले. १९५५ चे अभयारण्य १९८८ साली राष्ट्रीय उद्यान झाले. येथील जंगलरस्ते सायंकाळी सहाच्या सुमारास मिटतात, हे चालकांनी ध्यानी ठेवावे. आणि एक सूचना. २०२५ च्या नोव्हेंबरात या दोन्ही उद्यानांच्या सीमेवर वाघाच्या हल्ल्यांत शेतकरी दगावले, तेव्हा शासनाने तेथील सफारी थांबवली होती. आरक्षण खिशात आहे म्हणून फेरी होईलच असे धरून चालू नये. निघण्यापूर्वी आठवडाभर आधी चौकशी करण्याचे काम समितीने स्वतःकडे घेतले आहे. तसे झालेच तर कुरकुर न करता पुढे निघावयाचे. ज्याचा बैल किंवा बाप गेला त्याच्या दारावरून आपण जीपगाडीत बसून हौसेने जावे, हे आम्हांला प्रशस्त वाटत नाही.

आपल्यापैकी ज्यांची मुले अमेरिकेत आहेत ती यलोस्टोन, योसेमिटीच्या सहली सहा-सहा महिने आधी ठरवितात व स्वतःच्या मोटारीने उद्यानभर हिंडतात. आपल्याकडे तसे नाही. राजमार्ग सोडून रानात शिरायचे तर आपली मोटार दाराशी ठेवून वनखात्याच्या किंवा त्यांनी मान्य केलेल्या वाहनात बसावे लागते. प्रारंभी हे जाचक वाटते. पण सहा मोटारींतून सहा प्रकारची गाणी वाजत जाण्यापेक्षा ही रीत बरी.

१२ तारखेस कोडगू, १३ तारखेस कुद्रेमुख. घोड्याच्या मुखासारखा दिसणारा हा डोंगर, माथ्यावर गवताळ कुरणे आणि घळीघळींतून दाटलेली शोला वने. तुंगा, भद्रा आणि नेत्रावती या तीन नद्या याच डोंगररांगेत उगम पावतात. येथे सिंहपुच्छ वानर आहेत. आणि येथेच लोहखनिजाची प्रचंड खाण होती. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २००५ च्या अखेरीस ती बंद झाली. कामगारांची वसाहत ओस पडली, डोंगरावर मात्र पुन्हा गवत चढते आहे. उद्यानातून जाणाऱ्या रस्त्यावर नाक्यावर वेळ नोंदवितात व ठरल्या मुदतीत पलीकडे जावे लागते. वाटेत उतरून शिदोरी सोडता येणार नाही. शिदोरी कळसा येथे सोडू.

आगुंबे व जोग यांविषयी फार बोलत नाही. जोगला पाणी किती असेल ते लिंगनमक्की धरणावर अवलंबून आहे. १६ ला दांडेली. तेथील धनेश पक्षी पाहावयाचे तर पहाटे उठावे लागेल. दांडेली आणि अणशी मिळून झालेल्या व्याघ्रप्रकल्पास २०१५ साली काळी नदीचे नाव मिळाले. त्याच नदीवर सुपा धरण आहे. धरणाखाली सुपा हे गावच गेले; तेथून उठलेल्यांची वसाहत म्हणजे रामनगर. १७ ला आपण रामनगर, खानापूर, बेळगाव या वाटेने कोल्हापुरास जाऊ. रामनगरात चहाला थांबणार आहोत, आणि त्याला कारण आहे.

आमच्या समितीत एक वृद्ध सभासद आहेत. वारणेच्या खोऱ्यातले. गलाईच्या धंद्यानिमित्त पोरवयात बंगळुरास आले आणि येथल्या सराफांच्या गल्लीत त्यांचा जन्म गेला. चांदोलीचे अभयारण्य १९८५ साली झाले, राष्ट्रीय उद्यान २००४ साली. धरण आणि अरण्य या दोहोंपायी त्या खोऱ्यातील गावे उठली, त्यांत त्यांचेही उठले. भाऊबंद दूर माळावर नव्या वसाहतीत गेले. त्यानंतर हे गृहस्थ दिवाळीला जातात ते त्या वसाहतीत. पण तिला ते कधी गाव म्हणत नाहीत. नातवंडे विचारतात, आजोबा, आपले गाव कोणते? आजोबा जे नाव सांगतात ते नकाशावर मुलांना सापडत नाही.

त्यांनी समितीपुढे एकच मागणी ठेवली : ग्रामदैवताच्या देवळाचा पार नातवंडांना दाखवायचा आहे. यावर समितीत मतभेद झाला, तो लपविण्याचे कारण नाही. एका कुटुंबाकरिता बारा कुटुंबांचे दोन दिवस का खर्चावेत. त्याऐवजी अनमोड घाट उतरून गोव्यात मोलेचे उद्यान, तांबडी सुर्ल्याचे प्राचीन देऊळ आणि दूधसागर का पाहू नये, हे म्हणणे चुकीचे नव्हते. अखेर बहुमताने गोवा गाळला आणि १८ व १९ हे दोन्ही दिवस चांदोलीस दिले. तरुण सभासद रुष्ट आहेत, हे आम्ही जाणतो. परंतु मोले पुढच्या वर्षीही तेथेच असेल. ऐंशीला टेकलेल्या माणसाचे तसे सांगता येत नाही.

त्यांच्या गावठाणाची जागा गाभा क्षेत्रात येते. तेथे पर्यटकाला जाता येत नाही. खास परवानगी लागते. आम्ही वनखात्याकडे रीतसर अर्ज केला आहे. परवानगी मिळाल्यास आजोबा, त्यांचा मुलगा व दोन नातवंडे एवढेच आत जातील. बाकीच्यांनी त्या दिवशी मागे येण्याचा आग्रह धरू नये. न मिळाल्यास झोळंबीच्या सड्यापर्यंत सर्वजण जाऊ, आणि ते तेथून हात करून दाखवितील. कोणती खिंड, कोणता माळ, वारणेचे पात्र पूर्वी कोठून वळत होते, हे आता त्यांच्याच डोळ्यांना दिसणारे आहे. त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करण्याचे काम दोन विद्यार्थिनींनी आपणहून मागून घेतले आहे. त्यांना मराठी लिहिता येत नाही, पण बोललेले सारे कळते.

२० ला कोल्हापूर. सायंकाळी दसरा चौकातील शाही सोहळा पाहू आणि तेथेच एकमेकांना सोने देऊ. २१ ला परतीचा प्रवास राजमार्गाने. मात्र दावणगेरे जिल्ह्यात चन्नगिरीजवळ होदिगेरे येथे वळायचे आहे. १६६४ च्या जानेवारीत शिकारीस गेलेले शहाजीराजे घोड्यावरून पडून तेथे निवर्तले. त्यांची समाधी तेथे आहे. शिवाजीनगरात राहून ती न पाहिलेले आपण पुष्कळ आहोत. २२ ला रात्री घरी.

नावे महिनाअखेरपर्यंत कार्यवाहांकडे द्यावीत. मोटारीत दोन जागा अजून रिकाम्या आहेत. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी तसे मोकळेपणाने कळवावे, म्हणजे मुक्कामाच्या खोल्या तळमजल्यावर घेता येतील. लाडू-चिवड्याचा भार भगिनी मंडळाने उचलला आहे. लोणच्याची बरणी प्रत्येक मोटारीत एकच असावी.